दाबला तर सा, ओढला तर रे

१

एकोणीसशे सेहेचाळीस साली मी हिर्डोशीच्या शाळेत एकटाच मास्तर होतो. चार इयत्ता, एक खोली, एक फळा. पाच वाजता शाळा सुटली की कुलूप लावायचं, ओढ्यावर हातपाय धुवायचे आणि घरी येऊन पडवीत टेकायचं. माझी बायको ठकू गूळपाणी आणून द्यायची. आई समोर बसून नाचणीतले खडे वेचायची. दिवेलागणीपर्यंत कुणाचं पत्र वाचून दाखव, कुणाचा अर्ज लिहून दे, एवढंच. माझं वय तेव्हा अडतीस. या वयात आपण काही नवीन शिकायला बसू असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

माघात एका दुपारी वरवे बुद्रुकचा सोनबा आला. अंगात पलटणीचा विरलेला कोट, काखेत खाकी कापडाचं गाठोडं. माझा धाकटा भाऊ चिमाजी आणि हा सोनबा एकाच पलटणीत होते, एकाच बोटीनं इटलीला गेले होते. चिमा तिथं मारला गेल्याचा सरकारी कागद येऊन सव्वा वर्ष झालं होतं. कागदावर तारीख होती. गावाचं नाव नव्हतं. कसा गेला, हे तर नव्हतंच.

सोनबानं गाठ सोडली. आत एक पेटी होती. दोन्ही टोकांना लाकडाचे ठोकळे, मधे घड्याघड्यांचा भाता. उजव्या ठोकळ्यावर पांढऱ्या बटणांच्या दोन रांगा, डाव्या ठोकळ्यावर आठ बटणं. एक कोपरा फुटलेला, तारेनं आवळलेला. भजनातल्या पेटीसारखी ही जमिनीवर ठेवायची नव्हती. मूल घ्यावं तशी अंगावर घ्यायची होती.

"तिकडं शेतकऱ्यांच्या घरात असत्यात असल्या," सोनबा म्हणाला. "चिमा एका म्हाताऱ्याकडनं शिकत हुता. म्हनायचा, गावी गेलो की दादाला शिकवीन."

"वाजवून दाखव की."

त्यानं दोन्ही हात मागं घेतले. "मला न्हाई येत, मास्तर."

पण पट्टा खांद्यावर कसा घालायचा, डावा हात चामड्याच्या पट्टीखालून कसा घालायचा, ते त्यानं दाखवलं. डाव्या अंगठ्यापाशी एक वेगळं बटण होतं. "ह्यो हवेचा," तो म्हणाला. "ह्यो दाबला की सूर न निघता भाता मिटतो. आधी ह्यो शिका. हवा आत कोंडून ठिवू नका."

आई उठून आली. तिनं भात्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

"गरम हाय," ती म्हणाली.

"उन्हातनं आलीया, मावशी," सोनबा म्हणाला. ठकूनं भाकरी थापायला घेतली होती, पण तो थांबला नाही. उजेड आहे तोवर अर्धी वाट कापायचीय, असं म्हणत तो निघाला. ओढा ओलांडेपर्यंत त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.

२

शिकवायला कुणी नव्हतं. भोरच्या बँडातल्या एका माणसाला विचारलं, तर त्यानं असली पेटी पाहिलेलीच नव्हती. मग ट्रेनिंग कॉलेजात शिकलेली सरगम आठवत मी आपला आपण बसलो.

पेटीची गंमत कळायलाच मला चार दिवस लागले. या पेटीत एका बटणाचे दोन सूर होते. भाता दाबला तर सा, तेच बटण धरून ओढला तर रे. पुढच्या बटणावर ग आणि म. त्याच्या पुढच्यावर प आणि ध. आणि हे अंगवळणी पडतंय तोवर चौथ्या बटणावर क्रम उलटा व्हायचा, ओढून नी, दाबून वरचा सा. मी ते वहीत मांडून ठेवलं. पण वहीत मांडणं वेगळं आणि हातांना सांगणं वेगळं. बोटं पुढं जायची, डावा हात मागं राहायचा. रे म्हणून ओढायला जावं तर भाता आधीच पुरता उघडलेला असायचा. बटणं दिसत नाहीत, म्हणून मी मान वाकवून बघायचो आणि हनुवटी पेटीवर आपटायची. पोरं पाढे चुकली की मी त्यांना छडी दाखवत असे. त्या महिन्यात मी छडी हातात घेतली नाही.

शिकायचंच, असं का घेऊन बसलो ते मला ठाऊक होतं. चिमा मला शिकवणार होता. मधली चार भावंडं लहानपणीच गेलेली, त्यामुळं सोळा वर्षांनी धाकटा असलेला हा पोरगा मी कडेवर वाढवला होता. बाराखडी मी त्याला शिकवली. त्याला मला शिकवण्यासारखं आयुष्यात हे एकच सापडलं होतं.

एके दिवशी पेटी खाली ठेवली तेव्हा माझ्या धोतरावर पांढरी पूड पडलेली दिसली. पिठासारखी, चिमूटभर. भात्याच्या घडीत साचलेली धूळ असेल, म्हणून मी ओल्या फडक्यानं एकेक घडी पुसून काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिमूटभर पडली.

शेतांत पालापाचोळ्याचे राब भाजायला सुरुवात झाली होती. सगळ्या खोऱ्यात राखेचे कण उडत होते. राखच ही, असं मी ठरवलं. मग शाळेतून येताना बांधावरून मूठभर राख आणली आणि राख अन् पूड, दोन्ही बोटांत चोळून पाहिल्या. राख मऊ, निसटती. ही पूड खरखरीत होती. जिभेवर ठेवली तर जीभ चरचरली.

चुना. आमच्या आळीत सगळ्या भिंती कुडाच्या, शेणामातीच्या. मी ती पूड एका रिकाम्या दौतीत साठवू लागलो. पंधरा दिवसांत दौत भरली. मी दुसरी घेतली. तीही भरली तेव्हा साठवणं सोडून दिलं. पुसून काढलेल्या त्या घड्यांत एवढी पूड मावायला जागाच नव्हती, आणि मी हिशेबाचा मास्तर होतो.

३

फाल्गुन संपत आला होता. संध्याकाळी ठकू चुलीपुढं पीठ मळत होती, मी नुकतीच पेटी खुंटीला टांगली होती.

"अवो," ती म्हणाली, "रोज त्ये शेवटचं कशाला वाजवता? जीव कसानुसा व्हतो."

"शेवटचं कुठलं?"

तिनं पिठाच्या बोटांनी काठवटीच्या कडेवर वाजवून दाखवलं. तीन ठोके. मग थांबली. पुन्हा तीन.

"मी असलं काही वाजवत नाही," मी म्हणालो. "सरगम करतो, भाता मिटतो आणि त्याचा पट्टा लावून ठेवतो."

"व्हय. पट्टा लावल्यावरच वाजतं."

"पट्टा लावल्यावर भाता मिटलेला असतो, ठकू. मिटलेल्या भात्यातून सूर कसा निघेल?"

"मला काय ठावं? एकच सूर हाय. लई बारीक. तीनदा येतो, मग थांबतो."

दुसऱ्या दिवशी मी तिला समोर बसवलं. सरगम वाजवली, हवेचं बटण दाबून भाता मिटला, दोन्हीकडचे पट्टे आवळले आणि पेटी मांडीवर घेऊन गप्प बसलो. खालच्या आळीत कुणीतरी कांडत होतं, ते मुसळ मला स्पष्ट ऐकू येत होतं. वरच्या रानातलं शेरडाचं ओरडणं ऐकू येत होतं. ठकूनं बोट वर केलं.

"एक," ती म्हणाली. "दोन. तीन."

मला काहीच ऐकू आलं नाही.

पण तळहाताखाली लाकूड हललं. कोंबडी हातात धरली की आतलं काळीज लागतं ना, तसं. तीनदा. मग थांबलं. मी स्वतःला सांगितलं, ही तुझीच नाडी. म्हणून डाव्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली. नाडी एकसारखी चालू होती, कुठं थांबत नव्हती.

ठकू पदरानं हात पुसत उठली. "आत्याबाईंना सांगू नका," ती म्हणाली.

सांगायची गरजच नव्हती. आई आतल्या दारात उभी होती.

४

त्या दिवसापासून आई माजघरातून हलेनाशी झाली. पेटी खुंटीवरून काढून तिनं आपल्या घोंगडीवर ठेवली होती. नाचणी तशीच पडून राहिली. शेजारची अंबूबाई हाक मारून जायची, आई ओ द्यायची नाही.

"आये, जेवायला चल," मी म्हणायचो.

"हळू बोल. दम लागलाय त्येला."

"कुणाला?"

ती माझ्याकडं बघायची. तुला ऐकू येत नाही का, असं विचारायची नाही. तिनं एकदाही तसं विचारलं नाही आणि तेच मला लागायचं. मग म्हणायची, "तू वाजव. तू वाजवतोस तवर त्येला बरं वाटतं."

मी वाजवत राहिलो. चैत्रात शाळा सकाळची झाली, तेव्हा दुपार मोकळी मिळू लागली. खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझा हात बसला. बोटं बघावी लागेनात. दाबणं-ओढणं आपोआप होऊ लागलं. एकदा तर भजनातली एक सोपी चाल अर्धी वाजली आणि आईच्या चेहऱ्यावर मी फार दिवसांनी हसू पाहिलं. वाजतं आहे म्हणून मी खूश होतो आणि कशासाठी वाजवतो आहे ते मनात आलं की बोटं गार पडायची.

सरगम मात्र पुरी होत नव्हती. शेवटचा वरचा सा दाबून काढायचा असतो. भाता उघडताना आता जोर लागत नव्हता, तो आपणहून उघडायचा, अधाशासारखा. दाबताना अडायचा. आधी मला वाटलं, उन्हानं पुठ्ठा ताठला. मी घड्यांना मेण लावलं. तरी दिवसागणिक दाबणं जड होत गेलं. आत कुणी पाठ लावून बसलं आहे आणि मी त्याला दाबतो आहे, असं हातांना वाटायचं. मी जोर केला की आई डोळे मिटून घ्यायची.

एका दुपारी सा आलाच नाही. सोनबानं सांगितलेलं आठवून मी हवेचं बटण दाबलं. तिथून हवा फुस्सकन बाहेर जायला हवी. गेली नाही. बटणालगतच्या छोट्या भोकावर माझ्या अंगठ्याची कड होती आणि अंगठ्याचं कातडं आत ओढलं गेलं. मूल दूध ओढतं तसं.

मी पेटी अंगावरून उतरवली. ठकूला म्हणालो, "उद्यापासून बंद. आईला काही सांग, पण बंद."

आईनं त्या दिवसापासून अन्न सोडलं.

५

वैशाखात सोनबा पुन्हा आला. आईच्या अन्न सोडण्याला तेव्हा चार दिवस झाले होते. दोन घोट पेज आणि पाणी, एवढ्यावर ती होती.

सोनबा पार वाळला होता. पडवीत चढता चढता तो मधेच थांबला, आतल्या दाराकडं बघितलं आणि तिथंच पायरीवर बसला.

"कवापास्नं वाजतीया?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "मला ऐकू येत नाही."

त्यानं कपाळ गुडघ्यांवर टेकलं. मग बोलू लागला, मान खाली घालूनच.

"म्या पेटी न्यायला आलोय, मास्तर. नीरेच्या डोहात सोडतो. तुमास्नी आणून दिली तवा वाटलं, सुटलो. न्हाई सुटलो. खोटं बोललो मी तुमच्याशी. म्हंजी बोललोच न्हाई." मग त्यानं सांगितलं. "डोंगरावरचं गाव हुतं. दगडाची घरं, आतनं पांढरा चुना. आमी एका घरात उतरलो हुतो. आमी पाच जण पाण्याला गेलेलो, चिमा पेटी घिऊन आत बसला हुता. तोफेचा गोळा आला. घर खाली बसलं. समदं. दगडाचा ढीग नुसता. आमी हाका मारल्या. अन् मग खालनं पेटी वाजली."

"तीनदा," मी म्हणालो.

"तीनदा. मग थांबला. मग परत तीनदा. आमी हातानं दगड काढाय लागलो. वरनं गोळं चालूच. दिसभर काढलं. बोटांची नखं गेली माझ्या." त्यानं हात पुढं केले. दोन बोटांवर नखं नव्हती. "दुसऱ्या दिशी सकाळी हुकूम आला, पुढं सरका."

आतून आई आली. चार दिवसांत ती स्वतःहून उठलेली मी पाहिली नव्हती. भिंतीला धरून ती दारात उभी राहिली.

"तुमी निघालात, तवा वाजत हुती?" तिनं विचारलं.

सोनबानं तोंड वर केलं. "व्हय, मावशी."

"मग?"

"सहाव्या दिशी परत आलो. खणलं. बसलेलाच हुता. गुडघं छातीशी, मधी पेटी. भाता पुरा उघडा. बोट बटणावर. आवाज न्हवता."

मग आईनं ठकूला सांगितलं, "त्येला गूळपाणी दे. लांबनं आलाय." आणि सोनबाला म्हणाली, "पेटी न्हाई देनार. पान्यात न्हाई टाकायचं त्येला. त्यो आधीच कोंडलाय."

सोनबा पाणी प्यायला, त्यानं आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि तो रिकाम्या हातानं गेला.

ठकू त्याला बांधापर्यंत पोचवायला गेली. मी पडवीतच बसून राहिलो. जे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्या वेळी माझ्या छातीवर येऊन बसलं.

चिमाला पलटणीत जायचं नव्हतं. त्याला शेरडं राखायची होती आणि ओढ्यात खेकडे धरायचे होते. एकोणीस वर्षांचा झाला तरी मार्गी लागत नाही, म्हणून मीच त्याला भोरला घेऊन गेलो. दिवसभर चालत. तिथं भरती करणाऱ्यानं छाती मोजली, ती अर्धा इंच कमी भरली. चिमा माझ्याकडं बघून हसला. सुटलो, असं ते हसणं होतं. मोजणारा पुन्हा फीत लावू लागला तेव्हा मी पुढं होऊन चिमाच्या कानात म्हणालो, "श्वास भरून घे. मी सांगेपर्यंत सोडू नको."

त्यानं धरला. छाती मापात बसली. फीत निघाली, नाव लिहिलं गेलं, मोजणारा पुढच्या माणसाकडं गेला. मी कागदावर सही करत होतो. वळून बघितलं तर चिमा तसाच उभा, तोंड लालबुंद, डोळे माझ्यावर लावलेले. मी त्याला सांगायचं विसरलो होतो.

६

दुसऱ्या दिवशी शाळा सुटून मी साडेअकराच्या सुमाराला घरी आलो. ठकू पाण्याला गेली होती. माजघरात आई घोंगडीवर बसली होती, समोर पेटी, शेजारी विळा.

"धर," ती म्हणाली.

"आये, नको."

"धर, कुंडलिका. दोन्हीकडनं धर अन् उघड."

मी बसलो. पट्टे सोडले. मला ओढावं लागलं नाही. भाता उघडत गेला, माझे हात पुरे फाकले तरी उघडत गेला. आईनं पेटीच्या फुटक्या कोपऱ्यावरून हात फिरवला, मग मधल्या घडीला विळ्याचं टोक लावलं आणि वरपासून खालपर्यंत चिरलं. कापड फाटल्यासारखा आवाज झाला. तो मला ऐकू आला.

चीर हातभर उघडली. पण हवा बाहेर आली नाही. चिरलेला भाता तसाच ताठ राहिला, फुगलेला. आत अंधार होता. माझ्या दोन्ही हातांखालचं लाकूड थरथरत होतं, तीन-तीनदा नव्हे, एकसारखं, मोठं ओझं उचलून धरलेल्या माणसाचे दंड थरथरतात तसं.

आई मला म्हणाली, "तूच सांग."

तिला भोरची गोष्ट ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

"सोड, चिमा," मी म्हणालो. "सोड आता. झालं."

आणि तो सुटला. गरम, ओला, माझ्या तोंडावर. ओल्या दगडाचा आणि फार वेळ मिटलेल्या तोंडाचा वास. त्या भात्यात किती हवा मावते ते मला पक्कं माहीत होतं, सात-आठ सुरांपुरती. मी सवयीनं अंक मोजू लागलो. साठपर्यंत मोजले, शंभरपर्यंत मोजले, तरी तो श्वास संपत नव्हता. त्याच्याबरोबर चुना येत होता. घोंगडी पांढरी झाली, आईचे केस पांढऱ्याचे अधिक पांढरे झाले, सगळं माजघर धुरळ्यानं भरून गेलं.

कौलांच्या फटीतून उन्हाची एक रुंद तिरीप खाली उतरत होती. तिच्यात धुरळा फिरताना दिसत होता. एका जागी मात्र तो जात नव्हता. आईच्या आणि माझ्या मधोमध, जमिनीपासून हात-दीड हात उंच, एवढी जागा स्वच्छ होती. कण तिथवर यायचे आणि वळसा घालून जायचे. त्या मोकळ्या जागेला पाठीचा बाक होता. छातीशी घेतलेले गुडघे होते.

मग ती जागा हलली. आधी मान वर झाली असावी. मग पाठ, हळूहळू, फार दिवसांनी सरळ होणाऱ्या माणसासारखी. मी त्याचं तोंड कुठं असेल तिकडं बघायचा प्रयत्न केला. तिथं फक्त पलीकडची भिंत दिसत होती.

ते आईकडं झुकलं. आईनं मान कलती केली, लहान मूल कानात सांगायला आलं की करतात तशी. तिच्या कानाजवळचे केस हलताना मी पाहिले. ती ऐकत होती. मी कानात प्राण आणून ऐकत होतो आणि खालच्या आळीतलं मुसळ मला ऐकू येत होतं.

मग तिरिपेत सगळीकडं सारखाच धुरळा झाला. तो खाली बसू लागला. माझ्या हातात फाटक्या पुठ्ठ्याची, हलकी, गार पेटी होती.

७

ठकू आली तेव्हा आई चुलीपाशी बसली होती. तिनं स्वतःच्या हातानं भाकरी घेतली आणि दुधात कुस्करून खाल्ली. ठकूनं माजघर झाडलं, सात सुपं पांढरी माती भरली आणि ती ओढ्याकाठी नेऊन टाकली. त्या दिवसानंतर तिला काही ऐकू आलं नाही. पावसाळ्यानंतर सोनबाचा निरोप आला की तोही आता झोपतो. पेटी मी दुरुस्त केली नाही. चिमाच्या नावानं आम्ही काही केलं नव्हतं, ते भाद्रपदात सारं रीतीनं केलं. घासाला कावळा लगेच शिवला.

भाता चिरला त्या दुपारी जेवण झाल्यावर आईनं मला विचारलं होतं, "तुला काय म्हनाला का रं?"

"नाही, आये."

ती माझ्याकडं बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुला म्हणाला?" मी विचारलं.

"व्हय."

"काय?"

ती उठून नाचणी निवडायला बसली.

त्यानंतर ती पाच वर्षं जगली. खाऊन-पिऊन, शेजारणींशी बोलून, चारचौघींसारखी. वर्षातून एकदोनदा मी विचारायचो आणि ती दुसरंच काही काढायची. दावणीला वैरण टाकलीस का, ठकूला माहेरी कधी धाडतोस, असं. मला वाटायचं, तिला आठवत नसेल. मग वाटायचं, असं कसं आठवणार नाही.

एकावन्नच्या श्रावणात तिनं अंथरूण धरलं. शेवटच्या दिवशी दुपारी तिला चांगली शुद्ध होती. ठकू पायाशी होती. आईनं माझा हात हातात घेतला होता.

"आये," मी म्हणालो, "आता तरी सांग. चिमा काय म्हणाला?"

तिनं डोळे उघडले. खूप वेळ माझ्याकडं पाहिलं. लहानपणी मी पडून आलो की जखम बघण्याआधी ती अशी बघायची.

"म्हनाला," ती म्हणाली, "दादाला सांगू नगंस."

मग तिनं माझा हात थोपटला, सोडला आणि भिंतीकडं तोंड केलं.